मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची घरी करायची चाचणी: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी पायरी-पायरीने

अमेरिकेत पंचेचाळिशी ओलांडली की वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टर हमखास विचारतात, ‘कोलोनोस्कोपी करता, की घरी किट पाठवू?’ कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. बरेच जण किट मागवतात आणि मग तो खोका बाथरूमच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून राहतो. याला दरवेळी आळसच कारणीभूत असतो असं नाही. शौचाचा नमुना नेमका धरायचा कसा, पाणी वापरायची सवय आहे तर काय करायचं, पाळी चालू असेल तर, मूळव्याध असेल तर, हे विचारायचाच संकोच वाटतो. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे न लाजता दिली आहेत.

विषय गंभीर आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अंदाजानुसार २०२४ या एका वर्षात अमेरिकेत मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ५२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ५३ हजार मृत्यू. पण हा कर्करोग सहसा एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहान कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. त्यातल्या काहींचं रूपांतर कर्करोगात होतं आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. एवढा मोठा अवधी मिळतो म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. पूर्वी ती पन्नाशीपासून सुरू व्हायची. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने, म्हणजे यूएसपीएसटीएफने, ते वय ४५ वर आणलं. ७५ पर्यंत नियमित तपासणी आणि ७६ ते ८५ या वयात डॉक्टरांशी बोलून, अशी शिफारस आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या चाचणीचे दोन टप्पे आहेत: पहिला घरी, आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर दुसरा कोलोनोस्कोपीचा. ‘काहीही निघालं तरी मी कोलोनोस्कोपी करणार नाही’ असं मनात असेल, तर किट मागवून उपयोग नाही. आधी डॉक्टरांशी त्या भीतीबद्दलच बोला.

१. ही चाचणी तुमच्यासाठी आहे का?

घरची चाचणी ही लक्षणं नसलेल्या आणि सर्वसाधारण जोखीम असलेल्या माणसासाठी आहे. पुढच्यापैकी एकही गोष्ट लागू होत असेल तर किटच्या वाटेला न जाता थेट डॉक्टरांकडे जा:

- शौचावाटे रक्त जातं, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे, वजन कारण नसताना उतरतंय किंवा लोहाची कमतरता असलेला ॲनिमिया निघाला आहे.
- आई, वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला हा कर्करोग किंवा मोठे पॉलिप झाले होते.
- तुमचे स्वतःचे पॉलिप पूर्वी काढले आहेत.
- अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार आहे.
- लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक आजार घराण्यात आहे.

पहिल्या मुद्द्यावर मराठी घरांत सर्वाधिक घोळ होतो. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल, तिखट कमी कर’ असं म्हणून विषय मिटतो. मूळव्याध असेलही, पण ती आहे म्हणून वरच्या आतड्यात दुसरं काही नाही, असं ठरत नाही. अशा वेळी किट मागवणं चूक आहे. ते निगेटिव्ह आलं की खोटा दिलासा मिळतो आणि खरी तपासणी लांबते. हे चाळिशीच्या आतल्यांनाही लागू आहे.

दुसऱ्या मुद्द्यासाठी घरी फोन करावा लागेल. ‘मोठ्या काकांना पोटाचा कॅन्सर होता’ एवढ्या माहितीने डॉक्टरांचं काही ठरत नाही. आपल्याकडे जठर, यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय, आतडं, सगळ्यालाच ‘पोट’ म्हणतात. नेमका अवयव कोणता, निदान झालं तेव्हा वय किती होतं आणि ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावली होती का, असं विचारा. पिशवी लावली असेल तर आतड्याचा आजार असण्याची शक्यता वाढते. जवळच्या नातेवाइकाला हा कर्करोग झाला असेल तर तपासणी सहसा वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात, आणि ती कोलोनोस्कोपीच असते. वडिलांचं निदान ४८ व्या वर्षी झालं असेल तर तुमची वेळ ३८ व्या वर्षी येते.

गेल्या १० वर्षांत पूर्ण कोलोनोस्कोपी होऊन सगळं ठीक निघालं असेल तर सध्या काहीच करायची गरज नसते. ती भारतात झाली असेल तर अहवाल शोधून ठेवा.

आम्ही शाकाहारी, आम्हाला कशाला, हा युक्तिवादही सोडून द्या. लाल मांस न खाल्ल्याने जोखीम काही प्रमाणात कमी होत असली तरी ती शून्य होत नाही.

२. कोणतं किट?

अमेरिकेत घरून नमुना पाठवायचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला फिट, म्हणजे फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, हे तो पाहतो. त्यातली प्रतिपिंडं माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनालाच चिकटतात. म्हणून आदल्या दिवशी बीट, पालक, मटण काहीही खाल्लेलं चालतं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं झालं तरी फरक पडत नाही. ही चाचणी दर वर्षी करायची असते.

दुसरा डीएनए-फिट. यातलं सर्वाधिक माहितीतलं नाव कोलोगार्ड. त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलोगार्ड प्लस या सुधारित आवृत्तीला. यात रक्ताबरोबरच कर्करोगाच्या किंवा पॉलिपच्या पेशींतून सुटलेल्या डीएनएमधले बदलही शोधतात. ही चाचणी साधारण तीन वर्षांनी करतात.

दोन्हींची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९,९८९ जणांनी दोन्ही चाचण्या करून शिवाय कोलोनोस्कोपीही केली. कर्करोग निघाला ६५ जणांना. त्यांपैकी डीएनए चाचणीने ६० पकडले, फिटने ४८. मोठे, धोक्याचे पॉलिप पकडण्यात मात्र दोन्ही कमी पडल्या: डीएनए चाचणीला सुमारे ४२ टक्के सापडले, फिटला सुमारे २४ टक्के. दुसऱ्या बाजूला, ज्यांना गंभीर काहीच नव्हतं अशा दर शंभरातल्या साधारण १३ जणांना डीएनए चाचणीने उगाच पॉझिटिव्ह ठरवलं, तर फिटने ५ जणांना.

हे आकडे पाहून लोक लगेच ‘म्हणजे महागडी चाचणी चांगली’ असं ठरवतात. ते तितकं सरळ नाही. फिट दर वर्षी होते, त्यामुळे एकदा सुटलेली गोष्ट पुढच्या वर्षी सापडायची संधी असते. म्हणून दर वर्षी नेमाने करणाऱ्यासाठी फिट उत्तम. जो दर वर्षी करणार नाही हे स्वतःला ठाऊक आहे, त्याने तीन वर्षांची घ्यावी.

दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी, घरीच रेघ पाहून निकाल वाचायची कार्डंही असतात. ती टाळा. तो निकाल डॉक्टरांच्या नोंदीत जात नाही आणि फिकट रेघ आली की ती आहे की नाही यावर घरात वाद होतो.

३. मागवण्याआधी जवळ काय ठेवायचं

- विम्याचं कार्ड
- डॉक्टरांची ऑर्डर. कोलोगार्ड चिठ्ठीशिवाय मिळत नाही. फिट किट दवाखान्यातून हातात देतात किंवा विमा कंपनीकडूनच टपालाने येतं
- जुन्या कोलोनोस्कोपीचा अहवाल. आतडं सुरुवातीपर्यंत पाहिलं होतं का आणि पॉलिपची बायोप्सी झाली होती का, ही पानं महत्त्वाची
- घराण्यातल्या आजारांची यादी, वयांसकट
- चालू औषधांची यादी

बहुतेक खासगी विमा योजना ४५ वर्षांपासून ही तपासणी पूर्ण भरतात. मेडिकेअरही २०२३ पासून ४५ व्या वर्षापासून भरते. तरी विमा कंपनीला एक फोन करा आणि दोन प्रश्न विचारा: ही चाचणी माझ्या योजनेत किती अंतराने मिळते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपी तपासणी म्हणूनच धरली जाते ना? दुसऱ्या प्रश्नाचं कारण पुढे येईल.

किट हातात आलं की पहिल्यांदा मुदत संपण्याची तारीख पाहा. कपाटात वर्षभर राहिलेलं किट प्रयोगशाळा नाकारते.

४. दिवस कसा निवडायचा

सोमवार ते गुरुवार यांतला दिवस घ्या. शुक्रवारी घेतलेला नमुना शनिवार-रविवार कुठेतरी पडून राहतो. थँक्सगिव्हिंग, नाताळ, लेबर डे असे लांब सुट्टीचे आठवडे टाळा. कोलोगार्डच्या बाबतीत हे फार काटेकोर आहे, कारण मूळ किटचा नमुना घेतल्यापासून ७२ तासांत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या प्रयोगशाळेत पोचावा लागतो. तुमच्या किटवर छापलेली वेळ पाहून मागे मोजा.

पुढच्या परिस्थितीत थांबा:

- पाळी चालू असताना. फिटसाठी पाळी संपल्यावर तीन दिवस जाऊ द्या.
- लघवीत रक्त असताना, किंवा मूळव्याधीतून उघड रक्त येत असताना. पण मग रक्ताचं डॉक्टरांना कळवायला विसरू नका.
- जुलाब होत असताना.
- हाताच्या बोटाला ताजी जखम असताना. त्या रक्तानेही निकाल बिघडू शकतो.

औषधं बंद करायची गरज नाही. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने तर मुळीच थांबवू नका. इसबगोल घेत असाल तर चालू ठेवा. उपास वगैरेही नको. एनिमा घेऊन नमुना काढू नका. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाने गुदद्वार तपासताना हातमोज्यावर आलेला नमुनाही या चाचणीसाठी धरू नये.

५. फिटचा नमुना

अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या एका किटमध्ये बोटाएवढी चपटी बाटली, हिरवं झाकण, झाकणाला जोडलेली खाचांची काडी, बाटलीत थोडं द्रावण, शौच धरायचा कागद, शोषून घेणारा कापडी तुकडा, झिपची पिशवी आणि परतीचं पाकीट असतं. दुसऱ्या एका प्रकारात ब्रश आणि कार्ड येतं, त्यात शौच पाण्यात पडलेलं चालतं. तुमच्या हातात कोणतं आहे ते आधी ओळखा. एका किटची कृती दुसऱ्याला लावणं, ही वारंवार होणारी चूक आहे. पुढची कृती बाटलीच्या किटची आहे.

क. आधी लघवी करून घ्या आणि फ्लश करा. कमोडच्या टाकीत निळं द्रव सोडणारी वडी असेल तर ती काढून ठेवा आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत फ्लश करा.

ख. कागद कमोडच्या भांड्यावर झोळीसारखा पसरा. दोन्ही कडा चिकटवा, मधे थोडा सैल ठेवा. ताणून लावला तर वजनाने सुटतो आणि सगळं पाण्यात जातं. कागद नसेल तर कोरडी, एकदाच वापरायची ताटली किंवा भांड्यावर ताणलेला प्लास्टिकचा कागद चालतो.

ग. इथे आपल्या सवयीची अडचण येते. जेट स्प्रे, बिडे किंवा मग, काहीही असो, शौच झाल्याबरोबर पाणी वापरू नका. आधी नमुना, मग पाणी. पाणी नमुन्यावर पडलं तर वरच्या थरावरचं रक्त धुऊन जातं किंवा पातळ होतं. ज्यांना हे अगदीच जमत नाही त्यांनी आधी कोरड्या टिश्यूने पुसावं, ताटली बाजूला ठेवावी, मग धुवावं, हात कोरडे करावे आणि लगेच नमुना घ्यावा.

घ. झाकण फिरवून काडी बाहेर काढा. शौचाच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या पाच-सहा जागी काडीचं टोक घासा. एकाच जागी खुपसू नका. आतड्यातल्या पॉलिपमधून रक्त सगळीकडे सारखं मिसळत नाही, ते पट्ट्यांत येतं. एक जागा रिकामी असेल तर शेजारची भरलेली असू शकते.

च. काडीच्या खाचा भरल्या की पुरे. ढेकूळ उचलायचं नाही. या प्रकारच्या काडीवर फक्त १० मिलिग्रॅम शौच मोजलं जातं, जास्तीचं बाटलीच्या मानेशी खरवडून निघतं. खूप जास्त भरलं तर द्रावण गढूळ होतं, यंत्राची नळी अडते आणि नमुना नाकारला जातो. ‘जास्त दिलं तर बरं’ हे इथे लागू नाही.

छ. काडी परत बाटलीत घालून टक असा आवाज येईपर्यंत दाबा. नंतर पुन्हा उघडू नका. काही वेळा हलवा. द्रावण सांडलं असेल तर पाणी घालून भरून काढू नका, त्याने सगळं गणित बिघडतं. नवीन किट मागवा.

ज. शौच कमोडमध्ये सोडा. किटबरोबरचा कागद फ्लश करता येतो असं माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच करा. वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक कधीच नको, नाही तर प्लंबरला बोलवायची वेळ येते.

एकाच जागी खुपसणं आणि पाणी पडू देणं, या दोन चुका सर्वात नुकसानीच्या आहेत, कारण त्यांनी नमुना नाकारला जात नाही, तो खोटा निगेटिव्ह होऊन परत येतो. कुणाला कळतही नाही.

६. कोलोगार्डचा नमुना

यात पूर्ण शौच पाठवायचं असतं, म्हणून खोका मोठा असतो. आत कमोडवर बसवायचा कंस, झाकणाचा डबा, काडीची लहान नळी, द्रावणाची बाटली आणि लेबलं असतात. सगळं आधी ओट्यावर मांडून ठेवा, मधेच शोधाशोध नको.

कंस कमोडवर ठेवून त्यात डबा बसवा. सीट वर ठेवून बसणाऱ्यांचा कंस सरकतो, म्हणून सीट खाली घ्या आणि बसण्याआधी हाताने हलवून पाहा. डब्यात लघवी किंवा टिश्यू जाऊ देऊ नका. शौच झालं की डबा ओट्यावर घ्या. आधी काडीने पृष्ठभाग खरवडा, ती नळीत घालून घट्ट बंद करा. हा भाग रक्तासाठी आहे. त्यानंतर द्रावणाची पूर्ण बाटली डब्यातल्या शौचावर ओता आणि झाकण घट्ट फिरवा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी द्रावण ओतलं, तर नळीचा नमुना वाया जातो. द्रावण डोळ्यांत गेलं तर जळजळते, म्हणून मुलांपासून दूर ठेवा.

डबा काठोकाठ भरला तर द्रावण नीट मिसळत नाही. फारच थोडं असेल तर डीएनए पुरत नाही. प्रमाण किती, हे माहितीपत्रकातल्या चित्रावरून आधीच बघून ठेवा. पाण्यासारखं पातळ शौच आलं तर त्या दिवशी नमुना घेऊ नका.

७. नाव, तारीख, टपाल

नमुना नीट घेऊनही नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लेबल. आणि त्यात आपल्याला जडलेली एक खास चूक आहे: तारीख. भारतात आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. ५ नोव्हेंबरचा नमुना असेल आणि तुम्ही ५/११ लिहिलंत, तर प्रयोगशाळा ११ मे वाचते. तिच्या दृष्टीने नमुना सहा महिने जुना आहे, म्हणजे रद्द. महिना अक्षरांत लिहिला तर प्रश्नच उरत नाही. जन्मतारखेलाही हेच.

दुसरी अडचण नावाची. विम्याच्या कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं, दवाखान्याच्या नोंदीत नसतं. लेबलवर ऑर्डरमधल्यासारखंच नाव लिहा. घरात नवरा-बायको दोघांची किट एकाच आठवड्यात आली असतील तर वेगवेगळ्या दिवशी नमुने घ्या. लेबलं बदलली गेली तर चूक कुणाच्याच ध्यानात येत नाही.

नमुना घेतल्याची वेळ मागितली असेल तर तीही टाका. बाटली कापडी तुकड्यासह झिपच्या पिशवीत, मग पाकिटात. कोलोगार्ड छापील यूपीएस लेबलनेच जातं. घरून नेण्याची विनंती करता येते किंवा दुकानात नेऊन देता येतं.

उन्हाळ्यात ॲरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात राहणाऱ्यांनी फिटचं पाकीट दारातल्या टपालपेटीत ठेवू नये. पेटी तापते आणि उष्णतेने हिमोग्लोबिनचं विघटन होतं, म्हणजे पुन्हा खोटा निगेटिव्ह. टपाल कार्यालयात नेऊन द्या. त्याच दिवशी जमणार नसेल तर घरातल्या थंड, सावलीच्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण घरच्यांना ते रुचत नसेल तर आग्रह धरू नका. वरच्या बाटलीतला नमुना साध्या तापमानाला काही दिवस टिकतो.

दोन-तीन आठवड्यांत निकाल आला नाही तर फोन करा. ‘काही असतं तर कळवलं असतं’ असं गृहीत धरू नका. हरवलेलं पाकीटही काही कळवत नाही.

८. निकाल कसा वाचायचा

फिटच्या अहवालात कधी फक्त पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असतं, कधी आकडा. अमेरिकेत बहुधा प्रति मिलिलिटर द्रावणात १०० नॅनोग्रॅम ही रेषा धरतात. दुसऱ्या एककात तीच प्रति ग्रॅम शौचात २० मायक्रोग्रॅम होते. हिशोब सोपा आहे: बाटलीत २ मिलिलिटर द्रावण, म्हणजे २०० नॅनोग्रॅम, तेही १० मिलिग्रॅम शौचातून. ब्रिटनमधल्या नातेवाइकाच्या अहवालाशी तुलना करू नका, तिथल्या सरकारी कार्यक्रमात रेषा बरीच वर असते.

निगेटिव्ह म्हणजे आज या नमुन्यात काही सापडलं नाही. फिट असेल तर पुढच्या वर्षी, डीएनए असेल तर तीन वर्षांनी पुन्हा. तारीख आजच कॅलेंडरात टाका. मधे लक्षण दिसलं तर त्या तारखेची वाट पाहायची नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग झाला असं नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात डीएनए चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या दर शंभरांत चारेक जणांनाच कर्करोग होता. बऱ्याच जणांना पॉलिप होते, जे तिथल्या तिथे काढता येतात, आणि उरलेल्यांना गंभीर काही नव्हतं. पण कोण कोणत्या गटात आहे, हे फक्त कोलोनोस्कोपी सांगते.

९. पॉझिटिव्ह आलं तर

पुन्हा फिट करून ‘खात्री’ करून घेऊ नका. रक्त रोज येत नाही, त्यामुळे दुसरी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि ती पहिलीला खोडत नाही. हा मोह फार जणांना होतो आणि यातच महिने जातात.

काइझर पर्मनेन्टे या अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्यसेवा संस्थेच्या फिट पॉझिटिव्ह आलेल्या ७० हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपीला १० महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांत कर्करोगाचं आणि तो पुढच्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे उद्याच धावपळ करायची गरज नाही, पण ‘भारतात जाऊन आलो की बघू’, मग ‘मुलाची दहावी-बारावी झाली की बघू’ असं करत वर्ष घालवणं धोक्याचं आहे. पुढच्या काही आठवड्यांतली तारीख घ्या.

खर्चाचं: ३१ मे २०२२ पासून पुढे सुरू होणाऱ्या योजना-वर्षांत बहुतेक खासगी विमा योजनांना, घरची चाचणी पॉझिटिव्ह आल्यानंतरची कोलोनोस्कोपी तपासणीचाच भाग धरून रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागते. काही जुन्या योजना याला अपवाद आहेत. बिल ‘निदानासाठी’ या नावाखाली आलं तर ते निमूट भरू नका. दवाखान्याच्या बिलिंग विभागाला सांगा की ही पॉझिटिव्ह तपासणीनंतरची कोलोनोस्कोपी होती, कोड दुरुस्त करा.

तयारीची सविस्तर यादी दवाखाना देतो. तिच्यात आपल्या जेवणाचा उल्लेख नसतो, म्हणून एवढं जोडा. आधीचे दोन-तीन दिवस भाकरी, मोडाची उसळ, कच्ची कोशिंबीर, तीळ, खसखस, पेरू, अंजीर बंद. साधा मऊ भात, दही, सोललेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, दुधाविना चहा. वरणाचं पाणी, ताक, पेज पारदर्शक नाहीत. सोलकढी, कोकम सरबत, डाळिंबाचा रस असं लाल-जांभळं काहीही नको, ते आतड्यात रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल लेखी सूचना मागा. गुंगी देतात, म्हणून न्यायला माणूस हवा. एकट्याने उबर करून जाऊ देत नाहीत.

१०. भारतातून आलेले आई-वडील

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची चाचणी इथे करून घ्यावी असं मुलांना वाटतं. प्रवासी विम्यात अशी प्रतिबंधक तपासणी सहसा नसते. शिवाय पॉझिटिव्ह आलं तर कोलोनोस्कोपी इथे खिशातून करावी लागते. ती परत गेल्यावर महाराष्ट्रातच करणं शहाणपणाचं. भारतात या कर्करोगासाठी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच तीन कर्करोग येतात. त्यामुळे आपणच विचारून करून घ्यावी लागते.

खासगी प्रयोगशाळेत ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढंच सांगितलं तर बऱ्याचदा जुनी रासायनिक चाचणी होते. तिला माणसाचं रक्त आणि मटणातलं रक्त यात फरक कळत नाही. मुळा, सलगम यांनीही ती फसते आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी उलट खोटी निगेटिव्ह येते. म्हणून नमुना देण्याआधी काउंटरवर ‘फिट, इम्युनोकेमिकल पद्धत, शक्यतो आकड्यात निकाल’ असं सांगा आणि पावतीवर तेच लिहिलंय ना ते पाहा. बाटली प्रयोगशाळेचीच, द्रावण असलेली मागा. कोरड्या डबीत नेलेला नमुना मे महिन्याच्या उन्हात तासाभरातही बिघडायला लागतो. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर भांड्याच्या मागच्या कोरड्या उतारावर कागदी ताटली ठेवा, नळ बंद ठेवा, नमुना घेऊन बाटली बंद करा आणि मगच पाणी सोडा. गुडघेदुखीमुळे फार वेळ उकिडवं बसता येत नसेल तर ताटली उचलून टेबलावर घ्या, खरवडायचं काम तिथे शांतपणे करता येतं. आईला हे फोनवर सांगायचा संकोच वाटत असेल, तर हा भाग तिला वाचायला पाठवा.